शून्य अंशाच्या दुप्पट थंडी म्हणजे नक्की किती?

प्रश्न असा आहे: "आठवीतल्या मुलीने विचारलं, आज शून्य अंश तापमान आहे आणि उद्या थंडी दुप्पट होणार, तर उद्या किती अंश? मी म्हणालो शून्यच, शून्याची दुप्पट शून्य. तिच्या मामाने कागदावर हिशेब करून उणे १३६ सांगितलं. शेजारचे काका म्हणाले फॅरनहाइटमध्ये करा, उणे नऊच्या आसपास येतं. बरोबर कोण? आणि जाता जाता, फ्रिजचं बटण ३ वरून ६ वर नेलं तर फ्रिज दुप्पट थंड होतो का?"

मी भौतिकशास्त्राचा प्राध्यापक नाही. इंदूरला तीसेक वर्षं कोल्ड स्टोअरेज आणि बर्फाच्या कारखान्यांची कामं करतो. पण "थंडी दुप्पट करा" हे वाक्य माझ्या कानावर प्राध्यापकांपेक्षा जास्त वेळा पडलेलं आहे, आणि मला ते एकदा महागातही पडलं आहे. ती गोष्ट पुढे सांगतो.

आधी तिघांचे हिशेब तपासू. तुमचं शून्य गुणिले दोन बरोबर. काकांनी ३२ फॅरनहाइटचं निम्मं १६ केलं, ते उणे ८.९ सेल्सिअस होतं, तेही बरोबर. मामाने शून्य सेल्सिअस म्हणजे भौतिकशास्त्रातल्या केल्विन पट्टीवरचे २७३.१५ धरून निम्मं केलं, ते सेल्सिअसमध्ये परत आणलं, उत्तर उणे १३६.५७५. गुणाकार-भागाकारात कुणीच चुकलेलं नाही. गंमत अशी की काकांनी आणि मामाने निम्मं केलं आणि तुम्ही दुप्पट केलीत, आणि घरात कुणालाच ते खटकलं नाही! समजा आज शून्याऐवजी ५ अंश असते, तर तुम्हीही दुप्पट थंडीसाठी निम्मं करून अडीच म्हणाला असता. आणि उणे ५ असते तर दुप्पट करून उणे १०. म्हणजे शून्याच्या एका बाजूला भागायचं, दुसऱ्या बाजूला गुणायचं, आणि बरोबर शून्यावर गाडी जागेवरच रुतणार. जो नियम असा वागतो, त्याच्या पायाशीच काहीतरी गडबड असते.

गडबड शून्याची आहे. इंदूरच्या मराठी घरांत तीन सनावळ्या सुखाने नांदतात: इंग्रजी साल, आपलं शके आणि माळव्याचं विक्रम संवत. एखादं घर ऑगस्ट १९५० मध्ये बांधलं असेल तर ते शके १८७२ मध्ये आणि संवत २००७ मध्ये बांधलं. आता कुणी म्हणालं, "या सालाची दुप्पट करा." १९५० चे ३९००, १८७२ चे ३७४४, २००७ चे ४०१४. इंग्रजीत आणून पाहिलं तर ही तीन वेगवेगळी सालं निघतात, कारण प्रत्येकाने मोजायला सुरुवात वेगळ्या दिवशी केली. पण "घर तीस वर्षांचं होतं, आता साठ वर्षांचं झालं" हे वाक्य तिन्ही पंचांगांत खरं आहे. वय दुप्पट होतं, साल दुप्पट होत नाही. सेल्सिअसचा आकडा हा सालासारखा आहे.

हे शून्य किती मनमानी असतं ते इतिहासात पाहा. १७२४ साली फॅरनहाइटने आपलं शून्य धरलं ते बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाच्या तापमानावर. नवसागर म्हणजे तोच, जो कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात टाकायचा आणि पांढरा धूर उठायचा. आणि सेल्सिअसची गंमत तर शाळेत कुणी सांगतच नाही. अँडर्स सेल्सिअसने स्वीडनमध्ये १७४२ साली पट्टी मांडली ती उलटी: उकळत्या पाण्याला शून्य आणि गोठणाऱ्या पाण्याला १००. १७४४ साली तो वारला, त्यानंतर ती सुलटी झाली. त्याच्या मूळ पट्टीवर थंडी वाढली की आकडा वाढायचा, म्हणजे तुमच्या मुलीचा प्रश्न तिथे अगदी सरळ बसतो: आज १००, दुप्पट थंडी म्हणजे २००. आजच्या भाषेत उणे १०० सेल्सिअस. घ्या, चौथं उत्तर!

याच काळात दलिल नावाच्या फ्रेंच माणसाची आणखी एक उलटी पट्टी होती. तिच्यात उकळतं पाणी शून्यावर आणि गोठणारं १५० वर. तिथे दुप्पट केलं तर ३०० होतात, आणि सेल्सिअसमध्ये आणलं तर पुन्हा उणे १००च. दोघांचे अंश लहान-मोठे, तरी उत्तर एकच, कारण दोघांनी शून्य एकाच जागी ठोकलं होतं. मुलीला हे उदाहरण नक्की करायला लावा. अंश केवढा आहे याने दुपटीला काही फरक पडत नाही, शून्य कुठे ठोकलं याने पडतो. मीटर आणि फूट ही मापं वेगळी असली तरी दुप्पट लांब दोरी दोन्हींत दुप्पटच भरते, कारण शून्य लांबीवर कुणाचं भांडण नाही.

मग तापमानाचं असं बिनभांडणाचं शून्य आहे का? आहे, आणि मामा तिथेच पोचला. हवाबंद डब्यातली कोरडी हवा थंड करत गेलं तर दर अंशाला तिचा दाब शून्य सेल्सिअसच्या वेळच्या दाबाच्या सुमारे २७३व्या भागाने घटतो. ही रेघ पुढे ओढत नेली तर ती उणे २७३.१५ ला शून्याला टेकते. वास्तवात हवा त्याआधीच पातळ होऊन जाते, पण रेघ कुठे बोट दाखवते ते महत्त्वाचं. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८४८ साली अशी पट्टी मांडली की जी पारा, हवा, पाणी अशा कुठल्याही पदार्थाच्या लहरीवर अवलंबून नाही. तिथे "दुप्पट" आणि "निम्मं" यांना खरा अर्थ आहे. उणे १३६.६ ला त्या डब्यातला दाब खरोखर निम्मा असेल. भौतिकशास्त्राच्या पेपरात प्रश्न आला तर मामाचं उत्तर लिहा, मार्क मिळतील.

पण मामाचं उत्तर घेऊन हवामानाच्या बातम्या देता येणार नाहीत. पृथ्वीवर हवेचं सर्वांत कमी मोजलेलं तापमान अंटार्क्टिकातल्या व्होस्तोक केंद्रावरचं, २१ जुलै १९८३ चं, उणे ८९.२. केल्विनमध्ये ते १८४ भरतं, म्हणजे शून्य सेल्सिअसच्या दोन-तृतीयांश. या हिशेबाने दुप्पट थंडी पृथ्वीच्या पाठीवर कधी नोंदलीच गेलेली नाही. आपल्या इंदूरचं बघा. मे महिन्यातली ४२ अंशांची दुपार म्हणजे ३१५ केल्विन, जानेवारीतली ८ अंशांची पहाट म्हणजे २८१. घामोळ्यांपासून ते सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गरम दुधाच्या कढईपुढे हात शेकण्यापर्यंतचं आपलं सगळं आयुष्य या अकरा टक्क्यांत बसतं. शरीराच्या दृष्टीने हे अकरा टक्के प्रचंड आहेत, केल्विनच्या दृष्टीने किरकोळ. म्हणून म्हणतो, पट्टी बरोबर निवडणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे विचारणाऱ्याला थंडी कशासाठी हवी आहे ते ओळखणं.

आता माझी महागात पडलेली गोष्ट. धंद्यात नवीन होतो. चिप्सच्या कारखान्याला बटाटा पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याचा माल एका खोलीत १० अंशांवर ठेवला होता. एक दिवस तो चोइथराम मंडीतून, म्हणजे इंदूरच्या भाजीबाजारातून, थेट आला आणि म्हणाला, "भिया, दस का पाँच कर दो। ठंडक डबल, माल भी डबल टिकेगा।" मला वाटलं, माल त्याचा, वीजबिल त्याचं, आपलं काय जातं. वॉल्व्ह फिरवून खोली ५ वर आणली.

दोन महिन्यांनी नमुना तळायला काढला. पोत्यात हात घातला तर बटाटे टणक, एकही सडका नाही, कोंब नाही, साल ताणलेली. व्यापारी खूश. मग पातळ काप करून कढईत सोडले. अर्ध्या मिनिटात कडा तांबूस, मिनिटभरात सगळे काप गुळाच्या ढेपेच्या रंगाचे. एक तोंडात टाकला, आधी गोड लागला, मागाहून कडू. कमी तापमानात बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते, आणि ती साखर तेलात करपते. म्हणून चिप्सचा बटाटा साधारण १० ते १२ अंशांवर ठेवतात, आणि बियाण्याचा २ ते ४ वर, कारण बियाण्याला कुणी तळत नाही. मग खोली पुन्हा गरम करून माल काही आठवडे अठरा अंशांच्या आसपास ठेवला. अशाने साखर थोडी उतरते. थोडा माल सुधारला, बाकीचा भाजीच्या भावाने गेला.

त्या व्यापाऱ्याला मी दोष देत नाही. चूक माझी होती. "टिकेल" म्हणजे सडणार नाही, की तळल्यावर पांढरा राहील, हे मी विचारलंच नाही. आणि १० चे ५ केल्याने काय दुप्पट झालं ते पाहा. केल्विनने २८३ चे २७८ झाले, पावणेदोन टक्क्यांचा फरक. बाहेर ४० अंश असताना भिंतींतून आत शिरणारी उष्णता ही आतल्या-बाहेरच्या तापमानांतल्या फरकाच्या प्रमाणात असते. तो फरक ३० चा ३५ झाला, म्हणजे सतरा टक्के वाढ. शिवाय जितक्या खालून उष्णता उचलायची तितका कॉम्प्रेसर जास्त दमतो, त्यामुळे तेवढ्याच उष्णतेसाठीची वीज, अगदी पुस्तकातल्या आदर्श यंत्राच्या हिशेबानेही, सुमारे एकोणीस टक्क्यांनी वाढली. आणि चिप्सचा बहुतेक माल वाया. एकाच बदलाची ही चार मोजमापं, आणि "दुप्पट" त्यातलं एकही नाही.

मग माझ्या धंद्यात काही दुप्पट होतंच नाही का? होतं की. तुम्ही दीड टनाचा एसी म्हणता, तो टन काय आहे? जुन्या काळी बर्फ विकत घेऊन खोल्या थंड करायचे, त्यावरून हे माप आलं. एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढेल तेवढी, सुमारे साडेतीन किलोवॉट. दोन टनांचं यंत्र एक टनाच्या दुप्पट उष्णता बाहेर काढतं, आणि इथे "दुप्पट" शब्द शंभर टक्के खरा आहे. पण खोली त्यामुळे दुप्पट थंड होत नाही, लवकर थंड होते किंवा मोठी खोली थंड होते. उष्णता ही वस्तू आहे, तिला वाटीने मोजता येतं. थंडी म्हणजे त्या वस्तूचं नसणं, आणि नसण्याला वाटी लावता येत नाही. बाजारात आपण "थंडावा" विकतो खरा, पण बिल मात्र बाहेर फेकलेल्या उष्णतेचं असतं.

हे मुलीला घरीच दाखवता येईल. थर्मासमध्ये बर्फ बारीक कुटून भरा, मधल्या फटी भरण्यापुरतं पाणी घाला, ढवळून पाच-दहा मिनिटं थांबा आणि थर्मामीटर मध्यभागी धरा. काचेला टेकवू नका. शून्य दाखवेल. मी माझे थर्मामीटर असेच तपासतो. आता बर्फ दुप्पट करा. तरी शून्य. तिप्पट करा, शून्यच. थंडावा वाढतो आहे, कारण एक किलो बर्फ नुसता वितळायलाच ३३४ किलोज्यूल उष्णता खातो. तेवढ्यात किलोभर पाणी शून्यापासून ऐंशी अंशांपर्यंत तापलं असतं. पण आकडा ढिम्म हलत नाही. मग मूठभर खडे मीठ टाका आणि आकडा पाहा, सर्रकन खाली येईल. बर्फ-मिठाचं मिश्रण नीट जमलं तर उणे २१ पर्यंत जातं. माठातली कुल्फी याच हिशेबावर जमते, आणि फॅरनहाइटने तरी दुसरं काय केलं होतं?

राहिली अंगाला वाजणारी थंडी. बातमीतल्या "दुप्पट थंडी"चा अर्थ बहुतेकांच्या मनात हाच असतो. आइस्क्रीमच्या उणे १८ च्या खोलीत लोखंडी रॅकला हात लावला तर चटका बसतो, शेजारच्या लाकडी पॅलेटला लावला तर तितकंसं वाटत नाही. दोन्हींचं तापमान एकच. लोखंड हातातली उष्णता भराभर ओढून घेतं, लाकूड नाही. पंखे बंद करून आत गेलं की त्याच खोलीत माणूस जास्त वेळ टिकतो. म्हणजे आपलं अंग तापमान मोजतच नाही, उष्णता किती वेगाने निसटते आहे ते मोजतं. कातडीचं तापमान ३३ धरलं, वारा नाही आणि कपडे तेच, असं मानलं, तर बाहेर शून्य असताना फरक ३३ चा. तो दुप्पट व्हायला बाहेर उणे ३३ हवेत. मला विचाराल तर "उद्या थंडी दुप्पट" या वाक्याला माणसाच्या बाजूने दिलेलं सर्वांत प्रामाणिक उत्तर हे आहे. पण यात "वारा नाही, कपडे तेच" ही अट फार मोठी आहे. शून्यालाच जोराचा वारा सुटला तर थंडी दुप्पट वाजू शकते, पारा अर्धा अंशसुद्धा न उतरता. आणि एक चांगला स्वेटर चढवला की तीच निम्मी होते.

अन्न टिकवायचं असेल तर हिशेब आणखी वेगळा. दूध नासणं, फळ पिकणं या क्रियांचा वेग साधारणपणे दर दहा अंशांना दुप्पट ते तिप्पट होतो. त्यामुळे १४ अंशांवरचं दूध ४ वर आणलं तर ते दुप्पट-तिप्पट टिकेल हे म्हणणं ढोबळमानाने चालतं, आणि इथे कुठलंही शून्य लागत नाही, फक्त दहाचा फरक लागतो. ढोबळमानाने म्हणालो, कारण बटाट्याने मला हा नियमही मोडून दाखवला आहे. केळी तर फ्रिजमध्ये टिकायच्या ऐवजी काळी पडतात, ते तुम्हाला माहीतच आहे.

तर मुलीला सांगा की बाबांचं, मामाचं आणि काकांचं, तिन्ही उत्तरं तीन वेगळ्या प्रश्नांची आहेत, आणि तिचा प्रश्न अजून पूर्ण विचारून झालेला नाही. बाईंनी वर्गात विचारलं तर केल्विन. शेकोटीपाशी विचारलं तर आधी वाऱ्याची चौकशी करायची.

फ्रिजचं बटण. त्यावरचे १ ते ७ हे अंशही नाहीत आणि पटही नाहीत, गाडीच्या गिअरसारखे नुसते क्रम आहेत. बहुतेक साध्या फ्रिजमध्ये आकडा वाढला की कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, एवढंच. किती अंशांचा फरक पडेल ते फ्रिज किती भरला आहे, दार किती वेळा उघडतं, मागच्या जाळीला भिंतीपासून जागा आहे का आणि स्वयंपाकघरात उन्हाळा किती आहे यावर ठरतं. ३ चे ६ केलेत तर ५ अंशांचे ३ होतील, किंवा मागच्या बाजूची कोथिंबीर गोठेल. मधल्या फळीवर पाण्याने भरलेला पेला ठेवा, त्यात थर्मामीटर बुडवून रात्रभर राहू द्या आणि सकाळी कुणी दार उघडायच्या आत वाचा. ४ च्या आसपास दाखवत असेल तर बटणाला हात लावू नका, मग ते ३ वर असो की ५ वर.